फ्रिजमधून पाणी गळतंय, मेकॅनिक म्हणतो गॅस गेला. खरं काय?

ओसरी

नमस्कार मंडळी,

आमचा डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रिज आहे, अडीचशे लिटरच्या आसपासचा, सहा-सात वर्षं वापरात. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर धागा त्यावरच वाहवत जाईल.

गेला आठवडाभर सकाळी ओट्याशी आलं की पायाखाली पाणी. आधी संशय वॉटर प्युरिफायरवर गेला, म्हणून एक रात्र तो बंद ठेवला. सकाळी पाणी होतंच. मग भाजीचा ट्रे उपसला तर त्याच्या खाली चांगलं वाटीभर पाणी साचलेलं, कोथिंबीर भिजून काळी पडलेली. वर फ्रीझरमध्ये तळाला बर्फाचा गुळगुळीत थर जमलाय. मटारची पिशवी त्याला अशी चिकटली होती की फाडूनच काढावी लागली.

गार मात्र व्यवस्थित होतंय. दूध टिकतंय, बर्फही होतोय.

कोपऱ्यावरच्या दुकानातला माणूस येऊन गेला. दार उघडलं, मागे हात लावून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, गॅस गेलाय, भरावा लागेल." सासूबाई म्हणतात, सात वर्षं झाली, गणपतीत ऑफर असतात, नवाच घेऊ. नवऱ्याचं मत अजून यायचंय.

तर प्रश्न असा की गॅस गेल्यावर पाणी गळतं का? आणि कोणाला बोलवायच्या आधी घरच्या घरी काय तपासता येईल? मुक्काम डोंबिवली, बाहेर धो धो पाऊस.

वरणफळ

आमच्याकडे अगदी हेच चालू आहे. वाचतेय.

खटपट्या

गॅस भरू नका. निदान आत्ता तरी नाही.

फ्रिजमधला गॅस बंद नळ्यांमध्ये फिरतो. तो स्कूटरमधल्या पेट्रोलप्रमाणे वापरून संपत नाही. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी नळीला भोक पडलंय, आणि भोक न शोधता गॅस भरला तर तो पुन्हा जाणार. शिवाय गॅस कमी झाला की पहिला परिणाम गारव्यावर होतो: कंप्रेसर सतत चालत राहतो, बर्फ धरत नाही, दूध नासतं. तुमच्याकडे यातलं काहीच नाही.

जमिनीवर दिसतंय ते पाणी हवेतून आलेलं आहे. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत जाते, तिच्यातलं बाष्प गार भागावर जमतं. ते पाणी मागच्या मागे निघून जायची सोय प्रत्येक फ्रिजमध्ये असते. तुमच्याकडे ती वाट बंद झाली असणार.

एक सांगा, पाणी सगळ्यात आधी कुठे दिसतं? फ्रिजच्या आत भाजीच्या ट्रेखाली की फक्त बाहेर, मागच्या बाजूला? या एका उत्तरावर अर्धं निदान होतं.

ओसरी

आधी आत, ट्रेखाली. ते भरलं की दाराच्या खालच्या कडेवरून बाहेर येतं. मागे भिंतीकडे कोरडं आहे, टॉर्च लावून पाहिलं.

पाना_बारातेरा

मी फ्रिज-एसीच्या दुरुस्तीत उभी हयात घालवली, आता दुकान मुलगा बघतो. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

फ्रॉस्ट फ्री म्हणजे बर्फ होतच नाही, असा बऱ्याच जणांचा समज असतो. बर्फ होतो, पण तो फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड कॉइलवर, म्हणजे गार नळ्यांच्या वेटोळ्यावर होतो, म्हणून दिसत नाही. ठरावीक तासांनी कंप्रेसर थांबतो आणि कॉइलखालचा हीटर लागतो. जुन्या मॉडेलमध्ये हे काम टायमर करायचा, हल्ली इलेक्ट्रॉनिक कार्ड करतं. बर्फ वितळून पाणी खालच्या पन्हाळीत उतरतं. पन्हाळीला भोक, भोकाला नळी, ती फ्रिजच्या पाठीतून खाली येते आणि कंप्रेसरवरच्या ट्रेमध्ये सुटते. कंप्रेसर गरम असतो, त्या उबेवर ट्रेमधलं पाणी उडून जातं. अख्खं यंत्र धड चालत असेल तर हे पाणी तुम्हाला जन्मात दिसत नाही.

ते भोक गोठलं किंवा कचऱ्याने बुजलं की पन्हाळ भरते आणि पाणी फ्रीझरच्या तळावर पसरून गोठतं. तुमच्या मटारच्या पिशवीखालचा थर तोच. त्यावर आलेलं जास्तीचं पाणी गार हवेच्या मार्गाने खालच्या कप्प्यात उतरतं, मागच्या भिंतीवरून ओघळतं आणि भाजीच्या ट्रेखाली साचतं. म्हणजे तुमची नळी तुंबली आहे. मटारची पिशवी चिकटली हे वाचलं तेव्हाच मला कळलं होतं.

आता काय करायचं. आधी प्लग काढा. नुसतं फ्रिजमधलं बटण शून्यावर करून भागणार नाही, जमीन ओली आहे. सामान काढून घ्या, दूध-दही शेजारी द्या. दोन्ही दारं सताड उघडी ठेवून खाली जुने टॉवेल अंथरा आणि फ्रिज तसाच राहू द्या. रात्रभर तरी लागेल. मागे पत्र्याआड बर्फाचा डोंगर झाला असेल तर अख्खा दिवस जाईल. घाई करून सुरी, उलथनं, स्क्रूड्रायव्हर काही खुपसू नका.

बर्फ उतरला की फ्रीझरचा मागचा पत्रा काढायचा. दोन-तीन स्क्रू असतात, कधी प्लॅस्टिकच्या टोपीखाली लपलेले. पत्रा ओढताना जपून, मागे पंख्याची किंवा सेन्सरची वायर असू शकते. खाली पन्हाळीत मधोमध भोक दिसेल. औषधाच्या दुकानात ५० मिलीची मोठी सिरिंज मिळते, तिने कोमट पाणी त्या भोकात सोडायचं. कोमट, उकळतं नाही. आतलं प्लॅस्टिक तडकतं. पाणी सरळ खाली गेलं आणि मागच्या ट्रेमध्ये आलं की काम झालं.

खटपट्या

पाना काका, क्या बात है. मी फक्त एक भर घालतो: पाणी खाली जात नसेल तर सलाइनची नळी किंवा माशांच्या टाकीच्या पंपाची बारीक नळी भोकातून सरकवा. मऊ असते, काही फाटत नाही. काही जण पडद्याची स्प्रिंग घालतात. ती चालते, पण टोक बोथट करून घ्या.

आणि पाणी खरंच ट्रेमध्ये पोचतंय का हे बघायला त्यात खाण्याचा रंग घाला. आमच्याकडे रंग नव्हता म्हणून मी कोकम आगळ घातलं होतं. रंग दिसला, घरच्यांची बोलणीही खाल्ली.

सुपारी_चिकणी

एवढं कशाला? उकळतं पाणी ओता, दोन मिनिटांत मोकळं. किंवा हेअर ड्रायर फिरवा. आमच्याकडे नेहमी तेच करतात.

पाना_बारातेरा

उकळत्या पाण्याबद्दल वर लिहिलंच आहे. ड्रायरबद्दल एवढंच की ओल्या जमिनीवर उभं राहून, ओल्या फ्रिजमध्ये हात घालून २३० व्होल्टचं यंत्र फिरवणं जिवावर बेतू शकतं, रबरी चप्पल घातली तरी. मी घरच्यांना करू देत नाही. टेबलफॅन लांब ठेवून उघड्या फ्रिजवर सोडला तर बर्फ जरा लवकर उतरतो.

सुरीचं मात्र पुन्हा सांगतो, कारण दुकानात याचीच सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं यायची. विशेषतः सिंगल डोअरवाल्यांची. त्या फ्रीझरच्या पत्र्यातच गॅसच्या नळ्या असतात. सुरीचं टोक लागलं की फस्स. अलीकडच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचा सख्खा भाऊ. मागे कंप्रेसरजवळ पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चित्र असेल तर तोच. प्रमाण थोडं असतं, घरगुती फ्रिजला १५० ग्रॅमची कमाल मर्यादा आहे आणि प्रत्यक्षात त्याहून बराच कमी भरतात. तरी बंद स्वयंपाकघरात, शेजारी शेगडी चालू असताना तो सुटायला नको. सुटलाच तर खिडक्या उघडा, ज्योत विझवा, कुठलंही बटण चालू-बंद करू नका.

तिरफळ

चिपळूणहून लिहितेय. आमचा सिंगल डोअर, मधे डिफ्रॉस्टचं, म्हणजे बर्फ वितळवायचं, लाल बटण असलेला. आत कोरडा ठणठणीत, पण मागे भिंतीपाशी पाणी. हे फक्त पावसाळ्यातच होतं. उन्हाळ्यात काही नाही. नळी तुंबली म्हणावं तर आत पाणी साचत नाही.

खटपट्या

तिरफळताई, तुमचं पाणी नळीतून नीट उतरतंय, खालचा ट्रे ते सांभाळू शकत नाहीये. एक तर ट्रेला चीर गेली असेल किंवा तो जागेवरून सरकला असेल. पण फक्त पावसाळ्यातच होतं म्हणताय, तर कारण साधं असावं. हवा इतकी दमट असते की फ्रिजमध्ये बाष्प जास्त शिरतं आणि ट्रेमधलं पाणी उडत नाही. कोकणातल्या जुलैत दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत, तर ट्रे कुठून वाळणार. फ्रिज भिंतीपासून जरा पुढे ओढा, मागे हवा खेळू द्या आणि पावसाळाभर ट्रे हाताने रिकामा करत जा. बर्फ बोटाच्या पेराएवढा वाढायची वाट न बघता लवकर डिफ्रॉस्ट केलंत तर एका वेळी पाणीही कमी सुटेल.

मोरचूद

ट्रेचा विषय निघालाच आहे म्हणून. मी आरोग्य खात्यात होते. डेंग्यूच्या मोसमात घरोघरी पाहणीला गेलो की कुंड्यांच्या ताटल्या, पिंप आणि फ्रिजमागचा ट्रे या तीन जागा आधी बघायचो. लोक पिंप झाकतात, कुंड्या उलट्या करतात. फ्रिजला मागे ट्रे असतो हेच पुष्कळ घरांत ठाऊक नसतं.

एडिस डासाला असं थोडं, स्वच्छ, साचलेलं पाणी पुरतं. अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर ट्रेच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस. 'आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा' असं महापालिका सांगते त्यामागचा हिशोब हाच. ट्रे घासताना फ्रिज बंद करा, कंप्रेसर चटका बसेल इतका तापलेला असतो.

वरणफळ

मोरचूदताई, आत्ता उठून बघून आले. अळ्या आहेत. शी.

दूरदेशी

न्यू जर्सीहून. इथल्या फ्रिजना बर्फ करायच्या यंत्रासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी मागून नळाची बारीक लाइन जोडलेली असते. आमच्याकडे पाणी दिसलं तेव्हा मीही नळीतली तुंबण शोधत बसलो होतो, गळत होता तो फिल्टरजवळचा सांधा. भारतातही आता साइड बाय साइडवाले असे फ्रिज घेतात, त्यांनी आधी मागचा कॉक बंद करून बघावा. पाणी थांबलं तर बाकीचं वाचायची गरज नाही.

पाना_बारातेरा

बरोबर. मात्र आपल्याकडच्या पुष्कळ 'वॉटर डिस्पेन्सर'वाल्या फ्रिजमध्ये दारात नुसती टाकी असते, हाताने भरायची. तिचा वायसर गेला तर दाराच्या आतून ओघळ येतो. टाकी दोन दिवस रिकामी ठेवली की कळतं.

ओसरी

अपडेट देते. शनिवारी रात्री फ्रिज बंद केला, सामान दोन शेजाऱ्यांकडे वाटलं (आइस्क्रीम परत आलं नाही). रविवारी दुपारी नवऱ्याने पत्रा काढला. भोकात बर्फाचं बूच आणि त्याच्या वर चक्क कढीपत्त्याचं पान! ते तिथवर कसं पोचलं देव जाणे. कोमट पाण्याच्या पाच-सहा सिरिंजा सोडल्यावर एकदम गुडगुड असा आवाज झाला आणि मागच्या ट्रेमध्ये पाणी आलं. आज सकाळी जमीन कोरडी.

पाना काका, खटपट्या, मनापासून आभार. आता हे पुन्हा होऊ नये म्हणून काही?

खटपट्या

अभिनंदन! दाराचं रबर बघा. दहाची नोट दारात धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. सहज निसटली तर त्या जागी रबर बसत नाही. अशी चारही बाजूंनी फिरवा, बिजागरीच्या बाजूलासुद्धा. बहुतेक वेळा रबराच्या घडीत सांडलेल्या आमटीचे थर असतात, साबणाच्या पाण्याने पुसलं की पुन्हा चिकटतं. रबर दुमडलं असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं धरून ठेवा, सरळ होतं. रबर नीट नसेल तर रात्रंदिवस दमट हवा आत जाते आणि पाणी वाढतच राहतं.

दुसरं, फ्रिजची पातळी. पुढचे पाय किंचित उंच हवेत. अर्धवट उघडलेलं दार सोडल्यावर आपोआप लागलं पाहिजे. फ्रिज पुढे झुकलेला असेल तर पन्हाळीतलं पाणीही भलतीकडे जाऊ शकतं. त्या चाकांच्या स्टँडवर ठेवला असेल तर खास बघा, एखादा पाय खचलेला असतो.

वरणफळ

आणि पालेभाजी धुऊन ओलीच्या ओली ठेवू नका, मागच्या भिंतीला काही टेकवू नका, गरम पातेली झाकण न घालता आत सरकवू नका. हे माझ्या आईचं. ती कुठल्याच मेकॅनिकला विचारत नाही.

गोधडी

मधेच विचारते, आमच्या फ्रिजला बाहेरून घाम येतो. दारांवर थेंब, तेच ओघळून खाली. हेही नळीमुळेच का?

पाना_बारातेरा

नाही, ते बाहेरच्या हवेचं पाणी. फ्रिजचा पत्रा थोडा गार झाला की दमट हवेतलं बाष्प त्यावर बसतं. पावसाळ्यात थोडं चालतं, पुसून घ्या. दाराच्या कडेनेच घाम असेल तर रबर तपासा. चौकटीतून कंपनीने मुद्दाम गरम नळी फिरवलेली असते, दोन दारांमधली पट्टी कोमट लागते ती त्यामुळे. लोक ती गरम लागते म्हणून तक्रार घेऊन येतात! ती जर गारेगार लागत असेल आणि तिथेच घाम असेल तर मात्र दाखवून घ्या. आणि नॉब शेवटच्या आकड्यावर ठेवला असेल तर मागे घ्या. खालच्या कप्प्यात ४ अंश आणि फ्रीझरमध्ये उणे १८ पुरे असतं.

ओसरी

धागा वर काढतेय. गणपती झाले आणि पाणी परत आलं. तीच जागा, तोच थर. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं वर्तमानपत्रातली जाहिरात टेबलावर ठेवली. या वेळी भोकात पान वगैरे काही नाही, नुसता बर्फ. रबराची नोटेची चाचणी चारही बाजूंनी पास.

पाना_बारातेरा

पहिल्यांदा तुंबलं तर कचरा म्हणायचं. लगेच पुन्हा तुंबलं तर कारण दुसरीकडे आहे. दोन शक्यता.

एक, हीटरची ऊब भोकापर्यंत पोचत नाही. कॉइलवरचा बर्फ वितळतो, पण पाणी भोकात शिरताच गोठतं. काही मॉडेलमध्ये हीटरला ॲल्युमिनियमची पट्टी अडकवलेली असते, तिचं टोक भोकात उतरतं. ती सरकली की हा त्रास होतो. आणि कॉइल सगळीच बर्फाने भरलेली दिसली तर हीटर, बायमेटल (गारवा-ऊब बघून हीटर चालू-बंद करणारा स्विच) किंवा थर्मल फ्यूज (फार तापलं तर वीज तोडणारा) गेला. ते मीटर लावून बघायचं काम आहे, माणूस बोलवा. सांगताना 'गारवा कमी आहे' म्हणू नका, 'डिफ्रॉस्ट होत नाही, हीटर-बायमेटल तपासा' असं म्हणा. समोरचा लगेच सावध होतो.

दोन, आणि ही आधी बघा, कारण फुकट आहे. नळीच्या खालच्या टोकाला कंप्रेसरच्या वर बदकाच्या चोचीसारखं एक रबर असतं. पाणी आलं की चोच उघडते, एरवी मिटून राहते, म्हणजे बाहेरची गरम हवा नळीतून वर चढत नाही. सात वर्षांच्या शेवाळाने ती चोच चिकटते. मग पाणी नळीत उभं राहतं आणि वरून गोठत येतं. तुम्ही वरून कितीही सिरिंजा मारा, तेवढ्या दाबाने पाणी निघून जातं, पण थेंब थेंब येणाऱ्या पाण्याला तेवढा जोर नसतो.

ओसरी

चोचच! मागचं झाकण काढून रबर ओढलं तर आत काळा बुळबुळीत चिकटा. जुन्या टूथब्रशने साबण लावून धुतलं. एका ठिकाणी वाचलं की ते रबर कापूनच टाकावं, म्हणजे कटकट नको. कापू का?

पाना_बारातेरा

कापू नका. मग नळीतून दमट हवा थेट कॉइलपाशी जाईल आणि बर्फ आणखी वाढेल. रबर कडक झालं असेल तर नवं घ्या. दुकानात मॉडेल नंबर सांगा, किरकोळ वस्तू आहे.

ओसरी

ओके, नाही कापत. बर्फ पूर्ण उतरवून फ्रिज चालू केलाय, पट्टी जागेवर आहे, कॉइल आज मोकळी दिसली. दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर इथे येऊन सांगेन. जाहिरात मी घडी घालून कपाटात ठेवली आहे.

गोधडी

काका, शेवटचं विचारते. घाम पुसून थांबला, पण आता रात्री अधूनमधून घरातली आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा मुख्य बोर्डावरचा स्विच) पडते. परत वर केली की चालते, काही तासांनी पुन्हा पडते. फ्रिजचा प्लग काढला तर पडत नाही. एक इलेक्ट्रिशियन म्हणाला, प्लगची तिसरी पिन काढून टाका, पडायची बंद होईल.

पाना_बारातेरा

पिन काढू नका, आणि त्या माणसाला परत बोलवू नका. काही तासांनीच पडते याचा अर्थ बहुधा डिफ्रॉस्टची वेळ झाली की पडते. हीटरमध्ये पाणी शिरून करंट बॉडीला लागतोय. आरसीसीबी घरात सहसा ३० मिलिअँपिअरची असते आणि ती नेमकं तिचं काम करतेय. तिसरी पिन काढलीत तर तो करंट दाराच्या हँडलवर येऊन कोणीतरी हात लावायची वाट बघेल. हीटर बदलून, मेगर (करंट गळतोय का ते दाखवणारं मीटर) लावून तपासून होईपर्यंत प्लग काढूनच ठेवा.

गोधडी

काढला. उद्या दुसरा माणूस येतोय, त्याला हेच वाचून दाखवते.